पंडितजींनी आणि पाद्र्याने

माणसाचा मान कशात असतो, असे कोणी विचारले तर आपण विद्येत, चारित्र्यात, पराक्रमात अशी थोर थोर उत्तरे देतो. मराठीपुरते बोलायचे तर उत्तर फार साधे आहे. मान क्रियापदात असतो. ‘साहेब आले’ आणि ‘शिपाई आला’ या दोन वाक्यांतले अंतर वेतनश्रेणीच्या कोष्टकात शोधावयास नको. ते ‘ले’ आणि ‘ला’ या दोन अक्षरांतच सापडते. हे अंतर आपण इतक्या सहजपणे पाळतो, की त्यात कोणावर अन्याय होत असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मनालाही ती शिवली नव्हती. ती शिवण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला, आणि त्यातला अपराधी मीच असल्यामुळे तो आधी सांगून टाकणे बरे.

बेंगळूर हे बागांचे शहर म्हणून प्रसिद्ध असले तरी ते लष्कराचेही शहर आहे. हलसूरच्या तळ्यालगत मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. पॅराशूट रेजिमेंट, आर्मी सर्व्हिस कोअर आणि लष्करी पोलीस यांचीही प्रशिक्षणकेंद्रे याच शहरात आहेत. त्यामुळे येथल्या कोणत्याही मराठी मंडळात निवृत्त सुभेदार आणि हवालदार असायचेच. आमच्या मंडळाने एका वर्षी १६ डिसेंबरला, म्हणजे १९७१ च्या विजयाच्या दिवशी, हुतात्मा जवानांसाठी प्रार्थनासभा घेतली आणि ओळखीच्या आधारे सैन्यातील चार धर्मशिक्षकांना निमंत्रण दिले. सभा उत्तम झाली. वृत्तान्त लिहिण्याचे काम, कारकून म्हणून असेल, माझ्याकडे आले. मी लिहिले: “पंडितजींनी शांतिपाठ म्हटला, ग्रंथीसाहेबांनी अरदास केली, मौलवीने दुआ मागितली आणि पाद्र्याने बायबलमधील उतारा वाचला.”

हे वाक्य मी लिहिले, अध्यक्षांनी तपासले, चिटणिसांनी छापले आणि मंडळाच्या सभासदांनी वाचले. कोणाला काही खटकले नाही. चार आठवड्यांनी एका निवृत्त हवालदारांची मुलगी भेटली. ते कुटुंब नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. हवालदारसाहेब त्याच वर्षी वारले होते. मुलीने पत्रक पुढे केले. त्यात शेवटच्या दोन नामांखाली पेन्सिलीने रेघ होती. ती म्हणाली, “काका, चौघेही नायब सुभेदारच होते ना?” मी म्हटले, “हो.” ती पुढे काही बोलली नाही, आणि मलाही काही बोलता आले नाही. नंतर तिच्या आईकडून कळले, की हवालदारसाहेब लष्करी रुग्णालयात शेवटचे दिवस मोजीत असताना ज्यांनी रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या उशाशी स्तोत्र वाचले, ते हेच गृहस्थ. मी त्यांना ‘पाद्र्याने’ या एका शब्दात निकालात काढले होते.

आता कोणी म्हणेल, की यात हेतू वाईट नव्हता. नव्हताच, आणि म्हणूनच हा विषय लिहिण्यासारखा आहे. वाईट हेतूने केलेला अपमान माणूस कधीतरी मागे घेतो. व्याकरणाच्या सवयीने केलेला अपमान मागे घेण्याचे कोणाला सुचतच नाही.

प्रथम हे धर्मशिक्षक कोण ते पाहू. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर म्हणून घेतले जातात आणि नायब सुभेदार या हुद्द्यावर त्यांची नेमणूक होते. भरतीच्या जाहिराती ज्यांनी वाचल्या असतील त्यांना अटी ठाऊक असतील. उमेदवार पदवीधर हवा. शिवाय पंडिताला संस्कृताची आणि कर्मकांडाची रीतसर पात्रता हवी. ग्रंथीला पंजाबीतील ग्यानी. मौलवीला अरबीतील आलिम किंवा उर्दूतील अदीब. पाद्र्यांना त्यांच्या चर्चची रीतसर दीक्षा मिळालेली असून त्यांचे नाव तेथील बिशपांच्या मान्य यादीत असावे लागते. कामही नेमून दिलेले आहे: पलटणीच्या प्रार्थनास्थळातील विधी, अंत्यसंस्काराला हजर राहणे, रुग्णालयातील आजाऱ्यांची भेट, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट, मुलांना धर्मशिक्षण. नव्या जवानांच्या शपथविधीला हेच धर्मग्रंथ घेऊन उभे असतात. अनेक ठाण्यांत ‘सर्वधर्मस्थळ’ या नावाच्या एकाच वास्तूत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकत्र नांदतात.

आणि त्यांना हाक कशी मारतात? ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरला ‘साहेब’ म्हणण्याची सैन्याची रीत आहे. त्याच्याहून कितीतरी वरिष्ठ असलेला अधिकारीही त्याला सुभेदारसाहेब म्हणतो. पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब, पाद्रीसाहेब. चौघांच्या नावामागे आदराचा शब्द आहेच. बंदूक हाती घेणाऱ्या, शिव्या दिल्याखेरीज कवाईत शिकवत नाहीत अशी ज्यांची ख्याती, त्या लोकांना जे जमते ते मराठी साहित्याच्या गोष्टी करणाऱ्या आमच्या मंडळाला जमले नाही.

याचे मूळ शोधू गेल्यास मोठी गंमत आढळते. ‘पाद्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत ‘पाद्रे’ म्हणजे बाप. पुढे इंग्रजांबरोबर ‘फादर’ आला. त्याचाही अर्थ बापच. एकाच अर्थाच्या या दोन शब्दांपैकी इंग्रजीतून आलेला प्रतिष्ठित राहिला आणि पोर्तुगिजीतून आलेला घसरला. ‘फादर म्हणाले’ आणि ‘पाद्री म्हणाला’! राज्यकर्ता बदलला म्हणून बापाचा मान बदलला. मजा अशी, की इंग्रजांच्या फौजेने हा घसरलेला शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि आपल्या लष्करी धर्मोपदेशकांना प्रेमादराने ‘पाद्रे’ म्हणू लागली, आजही म्हणते. आपण तो गमावला आणि त्यांनी जपला.

तसे पाहिले तर मराठीचा आरंभीचा व्यवहार असा नव्हता. १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात कथा सांगणाऱ्याचे नाव ‘पाद्री गुरु’ असे आहे. परदेशी शब्दाला आपल्या घरचा सर्वांत मोठा शब्द जोडून दिला. याहून अधिक आदरातिथ्य भाषा काय करणार? बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींना आणि नारायण वामन टिळकांना महाराष्ट्राने ‘रेव्हरंड’ म्हणूनच ओळखले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी ते फादर आहेत एवढ्याच कारणावरून विरोध केला. पण संमेलन झाले, त्यांना अध्यक्षपदाचा पूर्ण मान मिळाला आणि वर्तमानपत्रांत ‘फादर म्हणाले’ असेच छापून आले. म्हणजे नाव मोठे असले की आपले क्रियापद सुधारते. बिननावाचा, गावोगावी रुग्णांच्या उशाशी बसणारा धर्मोपदेशक मात्र ‘पाद्री’ आणि तोही एकवचनी. मान पदाचा नसून प्रसिद्धीचा आहे, हे यावरून उघड होते.

हा दोष परधर्मीयांपुरता आहे असे समजून कोणी हळहळू नये किंवा सुखावू नये. स्वधर्मातही आपण तेच करतो. ‘शास्त्रीबुवा आले’, पण ‘गुरव आला’. बलुतेदारांच्या याद्यांत गुरव आणि जोशी आहेत, कोठे कोठे मुलाणीही आहे. पण ‘जोशीबुवा’ ऐकू येते तसे ‘गुरवबुवा’ किंवा ‘मुलाणीबुवा’ किती जणांनी ऐकले असेल? आणि ‘भट’ या शब्दाचे काय झाले? मूळचा ‘भट्ट’ म्हणजे विद्वान. मराठीत त्याची शिवी झाली. येथे बेंगळुरात तोच शब्द ‘भट्टरु’ होऊन सन्मानाने नांदतो. देवळातले ते ‘अर्चकरु’, घरी विधी करणारे ते ‘पुरोहितरु’, मठातले ते ‘स्वामिगळु’. कानडी माणूस पुरोहितावर रागावत नाही असे नव्हे. तो चांगला रागावतो. पण रागावतानाही शब्दाच्या शेवटचा ‘रु’ सहसा सोडीत नाही. गवीपुरम भागात मराठा समाजाचा गोसाई मठ आहे. ‘गोसावी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झोळी येते. येथे तोच शब्द मठाच्या नावात आहे आणि मठाधिपतींना लोक स्वामीजी म्हणून वाकून नमस्कार करतात. शब्द एकच, दोन प्रांतांत त्याचे दैव वेगळे.

यावर आपल्यातील सुधारक मंडळी एक गंभीर आक्षेप घेतील, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतील: ‘भट’ शब्दाला जो तिखटपणा आला तो उगीच आला नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला तो देव आणि माणूस यांच्या मधल्या दलालाची गरज नाही हे सांगण्यासाठी. ज्यांनी शतकानुशतके जन्माच्या जोरावर मान उकळला, त्यांना पुन्हा आदरार्थी बहुवचन द्यावयाचे काय?

हा आक्षेप मला मान्य आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. फुल्यांचा विरोध जन्मसिद्ध अधिकाराला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’विषयक आपल्या प्रसिद्ध निबंधात उपाय सांगितला तोही याच रोखाचा होता: पौरोहित्य वंशपरंपरेने चालू नये, परीक्षा घ्यावी, सरकारी सनद द्यावी, संख्या ठरवून द्यावी आणि पुरोहिताने इतर नोकरांप्रमाणे कायद्याच्या शिस्तीत राहावे. आता सैन्यातल्या धर्मशिक्षकाकडे पाहा. पदवी आहे, परीक्षा आहे, नेमणुकीचा कागद आहे, शिस्त आहे, निवृत्तीचे वय आहे. बाबासाहेबांनी सांगितलेली सगळी योजना येथे अंमलात आली असे मी म्हणत नाही. परंतु जन्माऐवजी पात्रतेवर उभा असलेला पुरोहित कसा दिसेल, याचा नमुना येथे डोळ्यांसमोर आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ यांना महाराष्ट्र आजही ‘सुभेदार’ म्हणतो. ती पदवी त्यांना जन्माने मिळालेली नव्हती. ती त्यांनी सैन्यात मिळवली, आणि म्हणूनच ती टिकली.

पंढरपूरचेच पाहा. बडवे आणि उत्पात यांचे पिढीजात हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निर्णयाने संपले, आणि त्यानंतर मंदिर समितीने मुलाखती घेऊन पुजारी नेमले. त्यांत ब्राह्मणेतर होते, स्त्रियाही होत्या. वंशाचा हक्क गेला तो कायद्याने गेला. ‘बडवा आला’ असे शंभर वर्षे म्हणत राहिल्याने तो गेला नसता. अन्याय्य अधिकार काढून घ्यावयाचा असेल तर अधिकार काढून घ्यावा. अधिकार तसाच ठेवून तोंडाने मात्र तुच्छता दाखविणे हा दुबळ्याचा सूड आहे. आणि त्या सवयीचा फटका अखेर कोणाला बसतो? मठाधिपतींना नव्हे, त्यांना सगळे ‘महाराज’च म्हणतात. फटका बसतो तो गुरवाला, मुलाण्याला आणि रुग्णालयात उशाशी बसणाऱ्या नायब सुभेदाराला.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे. मराठीत एकवचन हे जवळिकीचेही लक्षण आहे, असे काही रसिक सांगतात. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठोबालाही ‘तू’च म्हणतो, मग ‘मौलवी आला’ यात राग कशाला मानावा? याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारून घ्यावे. ‘विठू आला’ म्हणताना गळ्यात जे दाटते, ते ‘पाद्री आला’ म्हणताना दाटते काय? जवळीक ही दोन्ही बाजूंनी असावी लागते. ज्या घरी आपण कधी चहाला गेलो नाही, त्या घरच्या वडीलधाऱ्याला एकवचनात बोलावणे ही सलगी झाली, जवळीक नव्हे.

तिसरा पक्ष म्हणतो, की सर्व पदव्याच काढून टाका. लोकशाहीत सगळे सारखे. सर्वांना ‘श्री’ म्हणावे. या मताबद्दल मला, सरकारी नोकर म्हणून, सहानुभूती आहे. घटनेच्या १८ व्या अनुच्छेदाप्रमाणे लष्करी आणि शैक्षणिक उपाधी वगळता कोणतीही पदवी राज्यसंस्था देऊ शकत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कार वैध ठरविले, पण ते नावाच्या आधी वा नंतर पदवीसारखे लावू नयेत असेही बजावले. २०१२ साली तर राष्ट्रपती भवनानेच ‘महामहिम’ हा शब्द देशांतर्गत व्यवहारातून दूर सारला. देशाचे प्रथम नागरिक ‘महोदय’ या शब्दावर समाधान मानतात, आणि आपल्या निमंत्रणपत्रिकांवर मात्र कोणाच्या नावाआधी एकशेआठ तर कोणाच्या आधी एक हजार आठ श्री असतात! एकीकडे ही उधळपट्टी आणि दुसरीकडे एका अनुस्वाराची कंजुषी. दोन्ही रोग एकाच प्रकृतीचे आहेत. मान ही आपण कर्तव्याची पोच न समजता वशिल्याची भेट समजतो, म्हणून मोठ्याला पोती भरून देतो आणि लहानाला चिमूटही देत नाही.

परंतु पदव्या अजिबात नकोत हे म्हणणे व्यवहारात टिकत नाही. मरणोन्मुख माणसाला ‘श्री’ भेटावयास येत नाहीत. त्याला त्याच्या धर्माचा माणूस हवा असतो, आणि तो कोण हे सांगणारा शब्दही हवा असतो. अमेरिकेच्या सैन्यात यावर एक सुटसुटीत तोड आहे: धर्मोपदेशक ख्रिस्ती असो, ज्यू असो वा मुसलमान, त्याचा हुद्दा कोणताही असो, त्याला ‘चॅप्लिन’ या एकाच शब्दाने हाक मारतात. इंग्लंडच्या आरमाराची प्रथा त्याहून सुंदर आहे. तेथे धर्मोपदेशकाला स्वतःचा हुद्दाच नसतो. ज्याच्याशी तो बोलत असेल त्याच्या हुद्द्याचा तो मानला जातो. खलाशापुढे खलाशी, कप्तानापुढे कप्तान. आपले सैन्य तिसऱ्या वाटेने गेले. त्याने प्रत्येकाला त्याच्या धर्माचे नाव ठेवू दिले आणि हुद्दा मात्र सर्वांना एकच दिला. अनेक धर्मांच्या देशाला हीच वाट शोभते, असे मला वाटते. नाव ज्याचे त्याचे, मान सर्वांचा सारखा.

एवढे झाल्यावर, आपण बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी मंडळींनी काय करावे? आपण टिपणे लिहिणारी, निमंत्रणे काढणारी, वृत्तान्त छापणारी माणसे आहोत. कित्येक गावांत मराठी भाषेचे जे काही चारचौघांत दिसते ते आपल्याच हातचे असते. तेव्हा चार साधे नियम मी सुचवितो.

पहिला: कोणत्याही धर्माच्या पुरोहिताविषयी लिहिताना आदरार्थी बहुवचन वापरावे, एकाला दिले तर सर्वांना द्यावे. दुसरा: ज्याची त्याची मंडळी त्याला जे म्हणतात तेच आपण म्हणावे, आणि ठाऊक नसेल तर विचारावे. रोमन कॅथलिकांत ‘फादर’, प्रॉटेस्टंटांत ‘रेव्हरंड’ किंवा आपल्या नगरकडे म्हणतात तसे ‘पाळकसाहेब’. विचारण्याने कोणाचा मान कमी होत नाही. तिसरा: एका माणसाला एकच पदवी, सैन्यातील असतील तर हुद्दा आणि नाव, तेवढे पुरे. चौथा नियम स्त्रियांविषयी. पुण्यात कित्येक वर्षे स्त्रिया रीतसर शिकून पौरोहित्य करीत आहेत, आणि आपण मात्र अजून ‘त्या पूजा सांगणाऱ्या बाई’ असे म्हणतो. जे काम ‘गुरुजी’ करतात तेच त्या करतात. त्यांनाही गुरुजीच म्हणावे. शब्दाला लिंगाची अडचण नाही, आपल्या जिभेला आहे.

आणि एखादा पुरोहित लबाड निघाला तर? तर त्याच्या कृत्याला नाव ठेवावे, खटला भरावा, शिक्षा व्हावी. लाच खाणारा एक अधिकारी सापडला म्हणून आपण सगळ्या खात्याला ‘अरे-तुरे’ करू लागत नाही. निदान आपले खाते असेल तर मुळीच नाही.

मुलीची भेट झाल्यावर मी मंडळाच्या चिटणिसांकडे गेलो आणि शुद्धिपत्रक छापावे अशी विनंती केली. ते म्हणाले, “अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी शुद्धिपत्रक? कोणाच्या लक्षातही नाही.” मी म्हटले, “एकीच्या लक्षात आहे.” पुढच्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली, बारीक टायपात ते आले: “मागील अंकातील वृत्तान्तात ‘मौलवीने’ याऐवजी ‘मौलवीसाहेबांनी’ आणि ‘पाद्र्याने’ याऐवजी ‘पाद्रीसाहेबांनी’ असे वाचावे.”

‘साहेब’ हा शब्द जड वाटत असेल तर तोही नको. ‘पाद्र्याने’चे ‘पाद्र्यांनी’ करावयास एक टिंब लागते आणि एका मात्रेच्या जागी एक वेलांटी. एवढा खर्च आपल्या भाषेला परवडण्यासारखा आहे. तो मंजूर करण्याचा अधिकार आपल्यापैकी प्रत्येकाच्या लेखणीला आहे आणि त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहावयास नको.